आफ्रिकेतली कुंभारीण ओळखायची कशी: रंग सगळ्यात शेवटी बघा

मी नैरोबीत राहतो. गेली काही वर्षं इथले, दार-ए-सलामचे, कंपालाचे, डर्बनचे मराठी लोक मला भिंतीवरच्या मातीच्या घरट्यांचे आणि त्यावर बसलेल्या वास्पचे (गांधीलमाशीसारख्या कीटकांचे) फोटो पाठवतात आणि विचारतात की ही आपल्याकडची कुंभारीणच ना, मग हिचं नाव काय. बहुतेकांनी नाव आधीच ठरवलेलं असतं, इंटरनेटवर रंग जुळवून, आणि दहातली सात-आठ नावं चुकलेली असतात. चूक बघण्यात नसते, चूक क्रमात असते. रंग आधी बघितला की पुढचं सगळं त्या रंगाला जुळवून घेतलं जातं आणि मग कंबर, पंख, जबडा काहीच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हा लेख, टप्प्याटप्प्याने, ह्याच क्रमाने जायचं, मधला टप्पा गाळायचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. मराठीत जाती आणि प्रजाती हे शब्द प्रत्येकजण उलटसुलट वापरतो, पाठ्यपुस्तकात एक, पेपरात दुसरं. त्यामुळे मी सरळ जीनस आणि स्पीशीज म्हणणार आहे, स्पीशीज म्हणजे एकाच प्रकारचा प्राणी आणि जीनस म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट. आणि कुंभारीण म्हणजे इथे फक्त युमेनिनी हा गट, व्हेस्पिडी कुटुंबातला. जगात ह्या गटाच्या साडेतीन हजारांहून जास्त स्पीशीज आहेत, गांधीलमाशीच्या सगळ्या कुटुंबात हाच सगळ्यात मोठा गट, आणि आफ्रिकेत त्यातले कितीतरी जीनस आहेत, त्यामुळे "एकच कुंभारीण" असं काही नसतं.

## तयारी: हातात काय पाहिजे

फोनला लावायची क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स, १० पट मोठं दाखवणारं साधं भिंग, छोटी प्लास्टिकची पारदर्शक डबी, एक मिलिमीटरवाली पट्टी आणि वही. बस. मायक्रोस्कोप असला तर उत्तमच पण जीनसपर्यंत जायला बरेचदा त्याची गरज पडत नाही.

वेळ महत्त्वाची. केनियात मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, आणि पावसाच्या आसपास माती ओली, अळ्या भरपूर, त्यामुळे घरटी बांधायची लगबग तेव्हाच जास्त दिसते. जागा शोधायला फिरू नका, पाण्याजवळ थांबा. कुंभारीण पोटात पाणी भरून नेते आणि कोरडी माती त्या पाण्याने कालवते, म्हणून गळका नळ, कुंडीखालची बशी, डबक्याची कड ह्या ठिकाणी ती परत परत येते. माझ्या अंगणातल्या नळाखाली मी एका सकाळी तासभर बसलो होतो, एकच मादी १५-२० मिनिटांच्या अंतराने येत होती, प्रत्येक वेळी त्याच दगडावर, त्याच बाजूला तोंड करून. अशी जागा सापडली की फोटो आपोआप चांगले येतात, पाठलाग करावा लागत नाही.

सावधान: नॅशनल पार्क, रिझर्व्ह, जंगल खात्याची जमीन, कुठेही परवानगीशिवाय कीटक पकडून ठेवू नका आणि मेलेला नमुनासुद्धा देशाबाहेर नेऊ नका. सुट्टीत भारतात येताना काड्यापेटीत घालून आणणारे लोक मला माहीत आहेत, कृपा करून असं करू नका. ह्या लेखातलं जवळजवळ सगळं काम फोटोवर होतं.

सावधान: कुंभारीण एकटी राहणारी, शांत, अंगावर येत नाही. पण मादीला नांगी असते आणि हातात दाबली तर ती डंख मारणारच. ज्यांना मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी डबीचा उद्योग करूच नये.

## टप्पा १: पाच फोटो, एकही कमी नाही

सुंदर फोटो एक पाठवण्यापेक्षा साधे पाच पाठवा:

१. एका बाजूने, पूर्ण शरीर, कंबर स्पष्ट दिसेल असा.
२. वरून, डोकं ते शेपटाकडचं टोक.
३. समोरून चेहरा. हा फोटो लोक काढतच नाहीत आणि निम्मी ओळख तिथेच असते.
४. पंख, शक्य असेल तर उघडा, शिरा दिसतील असा.
५. मधला पाय, नडगीपासून नखापर्यंत.

चौथा आणि पाचवा फोटो जिवंत, उडत्या वास्पचा मिळत नाही. त्यासाठी तिला डबीत घेऊन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, १० मिनिटं ठेवा. ती सुस्त होते, मग पांढऱ्या कागदावर ठेवून पट्टी शेजारी ठेवा, दोन-तीन मिनिटांत फोटो काढा आणि उन्हात सोडून द्या. ती पाय हलवायला लागली की थांबा, "अजून एकच" करत बसू नका.

फ्लॅशवर टिश्यू पेपर लावा. आफ्रिकेतल्या बऱ्याच मोठ्या वास्पचे पंख गडद असतात आणि त्यावर निळी-जांभळी झाक येते, उघड्या फ्लॅशमध्ये ती झाक इतकी चकाकते की शिरा गायब होतात.

तपासा: फोटोसोबत गाव, तारीख आणि अंदाजे उंची लिहिली का? मोम्बासाचा किनारा आणि १७०० मीटरवरचं नैरोबी इथली कुंभारीण एक असेलच असं नाही. "आफ्रिका" एवढंच लिहिलेला फोटो मी बाजूला ठेवतो.

## टप्पा २: ही व्हेस्पिडीच आहे का?

सगळ्यात जास्त घोळ इथे. मातीचं घरटं म्हणजे कुंभारीण असं समजून लोक स्केलिफ्रॉनला कुंभारीण म्हणतात. आफ्रिकेत स्केलिफ्रॉन स्पिरिफेक्स ही काळी-पिवळी, दोऱ्यासारख्या कंबरेची वास्प घराघरात मातीची घरटी करते, आणि मराठीत तिलाही कुंभारीण म्हणतात त्यामुळे भाषेचीही मदत होत नाही. पण ती वेगळ्याच कुटुंबातली आहे, स्फेसिडी. तीन गोष्टी बघा.

पंख. व्हेस्पिडीतली बहुतेक वास्प बसली की पुढचा पंख लांबीत घडी घालते, धोतराची निरी दुमडावी तसा, त्यामुळे पंख पट्टीसारखा अरुंद दिसतो. स्केलिफ्रॉनचे पंख सपाटच राहतात. फ्रिजमधून काढलेल्या वास्पवर हे तपासू नका, घडी सुटलेली असू शकते, जिवंत बसलेल्या फोटोवरच तपासा.

डोळा. कुंभारिणीच्या डोळ्याला आतल्या बाजूने खोल खाच असते, काजूसारखा आकार. स्केलिफ्रॉनचा डोळा साधा, खाच नाही.

गळपट्टी. वरून बघितलं तर डोक्यामागची पट्टी कुंभारिणीत घोड्याच्या नालासारखी मागे वळून थेट पंखाच्या मुळाशी जाते. स्फेसिडीत ती आखूड कॉलरसारखी असते आणि पंखापर्यंत पोचत नाही.

तिन्ही जुळल्या तरच पुढे. दोन जुळल्या आणि तिसरी दिसत नाही तर परत फोटो काढा.

तपासा: पंखाच्या वरच्या कडेखाली ओळीने बंद कप्पे मोजा. कुंभारिणीत तीन. दोनच दिसले आणि मिशांची टोकं जाड असतील तर ती बहुधा मसारिनी, म्हणजे परागकण गोळा करणारी वास्प. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या भागात, नामाक्वालँडला फुलं फुलतात तेव्हा, ह्या खूप दिसतात, आणि त्यातल्या काही मातीची नळीही बांधतात, त्यामुळे घरट्यावरून नक्की फसायला होतं. त्यांच्या घरट्यात अळ्या नसतात, परागकणांचा गोळा असतो.

## टप्पा ३: एकटी राहणारी की वसाहतीतली

व्हेस्पिडी पक्की झाली म्हणजे काम झालं असं नाही. आफ्रिकेत बेलोनोगॅस्टर नावाचा जीनस आहे, लांबलचक बारीक कंबर, तपकिरी-काळसर शरीर, छपराच्या वळचणीला लटकणारं कागदी पोळं. ही आपल्या गांधीलमाशीची नातेवाईक, समूहात राहणारी. फोटोत पोळं नसेल, एकटी मादी फुलावर बसली असेल, तर लोक तिला डेल्टा, म्हणजे लांब कंबरेच्या कुंभारिणींचा एक जीनस, म्हणून मोकळे होतात. माझ्याकडे येणाऱ्या "डेल्टा"मधल्या कितीतरी बेलोनोगॅस्टर निघतात.

इथे चेहरा आणि पाय कामाला येतात.

जबडे: कुंभारिणीचे लांब, सुरीसारखे, बंद केल्यावर एकमेकांवर कातरीसारखे येतात किंवा पुढे चोच तयार होते. बेलोनोगॅस्टरचे आखूड, रुंद, दातेरी.

नखं: भिंगाखाली पायाचं नख बघा. कुंभारिणीच्या नखाला आतून एक दात असतो, नख दुभंगल्यासारखं दिसतं. बेलोनोगॅस्टर, पोलिस्टिस, रोपालिडिया ह्या वसाहतीतल्या जीनसचं नख साधं, एकच टोक.

मधली नडगी: शेवटी काटे किती? वसाहतीतल्यांना दोन, कुंभारिणीला बहुतेक वेळा एक. बहुतेक वेळा म्हणतोय कारण जेथस ह्या जीनसच्या बाजूच्या गटात हा नियम मोडतो, म्हणून काटा आणि नख भांडले तर नखाचं ऐका.

सावधान: पोळं दिसलं तर जवळ जाऊन नखाचा फोटो काढायचा नाही. वसाहत एकत्र हल्ला करते. लांबून पोळं दिसलं की उत्तर मिळालंच, घरी जा.

## टप्पा ४: नर की मादी

हा टप्पा लोकांना फालतू वाटतो. पण नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की एकाच स्पीशीजचे दोन फोटो दोन नावांनी साठवलेले मी पाहिले आहेत.

मिशीचे भाग मोजा. नर १३, मादी १२. फोटोत मोजता येत नसेल तर टोक बघा, बऱ्याच जीनसमध्ये नराच्या मिशीचं शेवटचं टोक मागे वळून आकड्यासारखं असतं, डेल्टा आणि युमेनीज ह्या जीनसमध्ये हे छान दिसतं. खऱ्या ओडिनेरस जीनसच्या नरात मिशीचं टोक गुंडाळीसारखं वळलेलं असतं. पोटाची कडी नरात ७ दिसतात, मादीत ६. चेहऱ्याच्या मधली ढाल, क्लिपियस, नरात खूपदा पिवळी किंवा पांढरी असते पण हा रंगाचा पुरावा झाला, तो सहायक म्हणूनच घ्या.

आणि एक खास आफ्रिकन अडचण. सिनाग्रिस हा आफ्रिकेतलाच जीनस, मोठ्या, दणकट वास्प. त्यातल्या सिनाग्रिस कॉर्नुटाच्या मोठ्या नरांना जबड्याच्या मुळाशी हस्तिदंतासारखे लांब सुळे असतात, मादीच्या घरट्यावर पहारा देताना ते दुसऱ्या नराशी त्याच सुळ्यांनी भिडतात. पण त्याच स्पीशीजच्या छोट्या नरांचे सुळे अगदी आखूड. म्हणजे सुळेवाला, बिनसुळ्यासारखा आणि मादी, अशी तीन वेगवेगळी "नावं" एकाच प्राण्याला मिळतात. सिनाग्रिस वाटली तर सुळ्याच्या लांबीवर स्पीशीज ठरवू नका, आधी नर आहे का तेवढंच लिहा.

## टप्पा ५: कंबरेवरून ढीग करा

आता खरी वर्गवारी सुरू. पोटाचं पहिलं कडं बाजूच्या फोटोत बघा आणि फोटो दोन ढिगांत टाका.

पहिला ढीग, लांब कंबर. पहिलं कडं देठासारखं, मग एकदम फुगलेलं पोट, पेअर उलटं धरल्यासारखं. ह्यात डेल्टा, युमेनीज, आफ्र्युमेनीज, छोटी मिक्र्युमेनीज, जेथस, राफिग्लोसा.

दुसरा ढीग, बसकं पोट. पहिलं कडं घंटेसारखं, दुसऱ्याला जवळजवळ तेवढ्याच रुंदीने चिकटलेलं. ह्यात सिनाग्रिस, ऱ्हिंकियम, अँटेऱ्हिंकियम, अँटेपिपोना, युओडिनेरस, ट्रायकॅरिनोडिनेरस, अलास्टर आणि अजून बरेच.

ह्या टप्प्याला घाई करू नका. वास्प पोट खाली वळवून बसली असेल तर आखूड कंबरही लांब दिसते, आणि वरून काढलेल्या फोटोत लांब कंबर आखूड वाटते. बाजूच्याच फोटोवर जा.

पहिल्या ढिगात मुख्य भांडण डेल्टा आणि युमेनीजचं. पहिल्या नजरेचा नियम असा: डेल्टा मोठी, कंबर लांब आणि सडपातळ. युमेनीज लहान, कंबर तुलनेने आखूड आणि मागच्या टोकाला जास्त फुगलेली. पट्टी शेजारी असेल तर मापाने मदत होते, पण नुसत्या मापावर निकाल देऊ नका, छोटी डेल्टा असते. जेथस ओळखायला दुसरं कडं बघा, ते सुद्धा सुरुवातीला बऱ्याचदा देठासारखं बारीक असतं, म्हणजे एकामागे एक दोन गाठी असल्यासारखं वाटतं, आणि जबडे डेल्टाइतके सुरीसारखे लांब नसतात.

इथेच एक वर्गीकरणाची गोष्ट, कारण ह्यामुळे लोक एकमेकांना चूक ठरवतात. २०१४ मध्ये युमेनिनी ह्या आपल्या पूर्ण गटाचे तीन उपगट धरले गेले, झेथिनी (जेथसचा गट), युमेनिनी (नाव मोठ्या गटासारखंच, पण इथे फक्त एक उपगट) आणि ओडिनेरिनी (दुसऱ्या ढिगातल्या बसक्या पोटाच्या). मग २०१८ मध्ये डीएनएवर आधारलेला मोठा अभ्यास आला, त्यात जेथसचा गट बाकीच्या कुंभारिणींपेक्षा वसाहतीतल्या वास्पना जवळचा निघाला, आणि तेव्हापासून काहीजण त्याला स्वतंत्र उपकुटुंब धरतात. म्हणून तुम्हाला एकीकडे जेथस कुंभारिणीत दिसेल आणि दुसरीकडे बाहेर. दोन्ही ठिकाणी जीनस तोच आहे, वाद वरच्या पायरीचा आहे. तुमच्या नोंदीत जीनस लिहा आणि कुठली व्यवस्था वापरली तिचं वर्ष लिहा, मग गोंधळ होत नाही.

तपासा: ढीग ठरवताना रंगाचा एकही शब्द डोक्यात आला का? आला असेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून परत बघा. मी गंमत म्हणून नाही सांगत, मी स्वतः प्रत्येक फोटो आधी ब्लॅक अँड व्हाइट करूनच बघतो.

## टप्पा ६: पंखाचा दुसरा कप्पा आणि बारीक धारा

दुसऱ्या ढिगातले जीनस अवघड आहेत, खोटं कशाला बोलू. फोटोवर जेवढं होतं तेवढं करा.

टप्पा २ मध्ये मोजलेल्या पंखाच्या तीन कप्प्यांतला मधला बघा. तो वरच्या शिरेला रुंद टेकलेला नसून त्रिकोणी असेल आणि वर छोट्या देठाने लटकलेला दिसत असेल, तर अलास्टर आणि त्याच्या जवळचे छोटे जीनस. हा एक पुरावा फोटोत इतका स्वच्छ दिसतो की त्यासाठीच चौथा फोटो मागतो.

मोठी, दणकट, लांब जबड्याची, पंख गडद, माती थापून केलेलं भलंमोठं घरटं, तर सिनाग्रिसकडे बघा. मध्यम ते मोठी आणि बांबूच्या नळीत, भिंतीच्या भोकात, जुन्या कुलपाच्या भोकात शिरताना दिसली तर ऱ्हिंकियम किंवा अँटेऱ्हिंकियमची शक्यता. छोटी, जमिनीतल्या बिळावर मातीची वाकडी नळी बांधणारी असेल तर अँटेपिपोना धरून तपासा.

ह्यापुढे गळपट्टीवरची धार, पंखाच्या मुळाशी असलेल्या टिकलीचा आकार, पाठीच्या मागच्या उताराची कड, अशा गोष्टी लागतात आणि त्या मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत. इथे थांबायला शिका. "ओडिनेरिनी, जीनस नक्की नाही" ही चांगली, प्रामाणिक नोंद आहे. चुकीच्या जीनसपेक्षा हजारपट चांगली, कारण तो फोटो बघून पुढचा माणूस आपला फोटो जुळवणार असतो.

ज्यांना खरंच पुढे जायचंय त्यांच्यासाठी: कार्पेंटर, गुसेनलाइटनर आणि माड्ल ह्यांचा कुंभारिणींचा दोन भागांतला कॅटलॉग २००९-१० मध्ये आला, त्यात सहाराच्या दक्षिणेकडच्या जीनसची ओळख-की, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता, आहे. लक्षात ठेवा, मादागास्कर त्यात धरलेलं नाही. आणि मोरोक्को, इजिप्त, अल्जेरिया हा उत्तर पट्टा प्राणिशास्त्राच्या दृष्टीने भूमध्य समुद्राकडच्या प्रदेशात मोडतो, तिथली वास्प ह्या कीवर चालवली तर उत्तर चुकणारच. कैरोहून आलेला फोटो आणि लुसाकाहून आलेला फोटो एकाच कीने सोडवायचा नाही.

## टप्पा ७: घरटं साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही

घरट्याचा आकार बघून खूप कळतं. काडीवर एकटाच छोटा गाडगं ठेवल्यासारखा मातीचा घट, वर बाहेर वळलेला काठ, हे युमेनीजचं काम. भिंतीवर बरेच घट शेजारी शेजारी आणि मग सगळ्यांवर मातीचा लेप, असं डेल्टा करते. लेप दिल्यावर ते नुसता चिखलाचा गोळा फेकून मारल्यासारखं दिसतं, आणि तेव्हाच लोक स्केलिफ्रॉन म्हणतात.

मी माझ्या व्हरांड्यात डेल्टाला एक घट पूर्ण करताना बघितलंय. वाटाण्याएवढी ओली गोळी जबड्यात आणि पुढच्या पायात धरून येते, काठावर ठेवते आणि मागे मागे सरकत ती गोळी पट्टी ओढल्यासारखी पसरवते, सोबत बारीक गुणगुण चालू असते. सुकलेल्या घटावर ह्या पट्ट्यांचे कडे स्पष्ट मोजता येतात. शेवटी गळा बांधते, आत पोट घालून अंडं छताला बारीक धाग्याने टांगते, आणि मग अळ्या आणायला जाते. हा क्रम लक्षात ठेवा: कुंभारीण आधी अंडं, मग अन्न. स्केलिफ्रॉन आधी कोळी आणते आणि अंडं त्या कोळ्यावर घालते.

म्हणून फुटलेलं, अर्धवट घरटं सापडलं तर आत बघा. अळ्या असतील तर कुंभारीण, कोळी असतील तर स्केलिफ्रॉन. चालू घरटं मात्र ह्यासाठी फोडू नका.

मोठी चूक: घरटं बरणीत ठेवून त्यातून जे बाहेर येईल त्याला घरट्याची मालकीण समजणं. मी स्वतः सुरुवातीला हेच केलं. डेल्टाचं घरटं होतं, मी बांधताना पाहिलं होतं, आणि तीन आठवड्यांनी बरणीत हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी वास्प फिरत होती. ती स्टिलबम सायन्युरम, कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणारी, आफ्रिकेत आणि भारतात दोन्हीकडे सापडते. आपल्याकडे कीटक-भ्रमर न्याय म्हणतात, अळी घरट्यात जाते आणि भ्रमर होऊन बाहेर येते. पण बाहेर जे येतं ते त्या आणलेल्या अळीचं रूपांतर नसतं, कधी मालकिणीचं पोर असतं आणि कधी घुसखोराचं, म्हणून बाहेर आलेल्या वास्पला परत टप्पा २ पासून सगळ्या तपासण्या लावा.

तपासा: घरट्यावर बसलेली वास्प ते बांधत होती का नुसती बसली होती? जुन्या घटात दुसऱ्याच छोट्या वास्प, मधमाश्या राहायला येतात. तोंडात माती दिसली तरच बांधणारी म्हणा.

## टप्पा ८: आता रंग, आता स्पीशीज

आत्ता कुठे रंग बघायचा, आणि तोही सांभाळून. काळं शरीर आणि पोटाचा शेवट केशरी, हा नमुना आफ्रिकेत सिनाग्रिसमध्ये आहे, सिनाग्रिस कॅलिडा त्याचं ओळखीचं उदाहरण, आणि तसाच नमुना दुसऱ्या कुंभारिणींमध्येही दिसतो. डंख मारणाऱ्या वास्प एकमेकींसारखा रंग घेतात, त्याचा त्यांना फायदा होतो, पक्षी एकदा शिकला की सगळ्यांनाच टाळतो. आपल्याला मात्र त्रास होतो. उलट बाजूने एकाच स्पीशीजमध्ये एका देशात पिवळे पट्टे आणि दुसऱ्या देशात जवळजवळ काळं, असंही होतं, आणि जुन्या लोकांनी त्या प्रत्येक रंगाला वेगळं नाव दिलेलं आहे.

म्हणून स्पीशीज लिहायच्या आधी हे तीन प्रश्न:

जीनस संरचनेवरून ठरला का, रंगावरून नाही?
ही स्पीशीज ह्या देशातून नोंदलेली आहे का?
ह्या जीनसमधल्या त्या देशातल्या बाकीच्या स्पीशीज बघून मग ही निवडली का, का पहिला जुळणारा फोटो घेतला?

तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांचं "पहिला फोटो" असतं. तिथेच थांबा आणि जीनसवर नोंद सोडा.

नावांचा घोळही इथेच निस्तरा. जुन्या लेबलांवर डेल्टाच्या स्पीशीज युमेनीजमध्ये दिसतात. युमेनीज डिमिडिएटिपेनिस आणि डेल्टा डिमिडिएटिपेनी ही एकच, उत्तर आफ्रिका, अरबस्तान ते भारत अशी पसरलेली. जीनस बदलला की शेवटचा प्रत्ययही बदलतो, डेल्टा नपुंसकलिंगी धरतात म्हणून एमार्जिनॅटसचं एमार्जिनॅटम होतं. म्हणजे शेवटची दोन अक्षरं वेगळी दिसली म्हणून नवी स्पीशीज सापडली असं होत नाही. ओडिनेरस तर जुन्या काळी सगळ्या बसक्या पोटाच्या कुंभारिणींचं गोडाऊन होतं, कीटकशास्त्रज्ञ बेकार्टच्या १९१८ च्या काँगोच्या वास्पवरच्या मोठ्या कामातून नाव उचललं तर आधी आजचा जीनस शोधा, मग लिहा.

भारतातल्या पुस्तकावरून आफ्रिकेतली डेल्टा ओळखायचा मोह होतो, आपल्याकडच्या डेल्टा पायरिफॉर्मेसारखी दिसते म्हणून तेच नाव टाकतात. काही स्पीशीज दोन्हीकडे आहेत, पण त्या मोजक्या, आणि सारखं दिसणं हा पुरावा नाही.

## टप्पा ९: नोंद कशी लिहायची

वहीत किंवा आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर), कुठेही, ह्या क्रमाने लिहा. जागा, तारीख, उंची. नर-मादी. मापाची लांबी. कुठल्या टप्प्यापर्यंत पोचलात आणि कुठल्या पुराव्यावर. उदाहरणार्थ: "नैरोबी, १७०० मीटर, नोव्हेंबर, मादी, २४ मिमी, पंख घडी, डोळ्याला खाच, नख दुभंगलेलं, कंबर लांब, जबडे चोचीसारखे, भिंतीवर लेप दिलेलं घरटं बांधताना पाहिलं, डेल्टा, स्पीशीज ठरवली नाही." अशी नोंद वाचून नैरोबीच्या म्युझियममधला माणूस किंवा कुणीही जाणकार लगेच पुढे नेऊ शकतो. "ब्युटिफुल पॉटर वास्प, केनिया" ह्या नोंदीवरून कुणालाच काही करता येत नाही, मग वास्प कितीही दुर्मिळ असो.

दुसऱ्याने तुमचं नाव बदललं तर आधी त्याला पुरावा विचारा, आणि त्याने नख किंवा पंखाचा कप्पा दाखवला तर मान्य करा. त्याने फक्त दुसरा फोटो चिकटवला तर तुमचे पाच फोटो त्याला पाठवा आणि टप्पा २ पासून सोबत बघा.

नवीन फोटो मला पाठवताना पाचही एकत्र पाठवा, आणि चेहऱ्याचा विसरू नका.